किहीमकर काकूंची न वाजणारी बेल

सोळाव्या वर्षी मी जर्मनीच्या त्या मिशीवाल्या हुकूमशहाची तारीफ करणारं भाषण लिहिलं आणि ते तपासायला एका ज्यू बाईंकडे नेऊन दिलं. त्या ज्यू आहेत हे मला ठाऊक नव्हतं. चार वर्षं मी त्यांच्या घरी जेवत होतो, तरी नव्हतं. माझ्या मूर्खपणाची ही काही सर्वांत मोठी कथा नव्हे, पण सर्वांत चविष्ट नक्कीच, कारण हिच्यात हलवा आहे.

तेव्हा आम्ही सिंगापुरात, आंग मो किओ भागात राहायचो. बाबा जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर. आयुष्य इंजिनरूममध्ये गेल्यामुळे ते घरातही असे बोलत की मीठ मागितलं तरी समोरच्या ब्लॉकमधला माणूस गॅलरीत येई. शेजारच्या चिनी आजींकडे दुपारभर माजाँगच्या सोंगट्या खळखळायच्या, खालून भंगारवाला रबरी भोंगा वाजवत जायचा, आणि या सगळ्यावर आईच्या मिक्सरचा आवाज. त्यात बहुतेक वेळा ओलं खोबरं आणि लसूण असे, आणि शेगडीवर बहुतेक वेळा कोळंबी. आम्ही सीकेपी, आमच्याकडे कोळंबी हा पदार्थ नव्हे, धोरण आहे. रविवारी आम्ही बसने लिटिल इंडियात जायचो. आई कढीपत्ता हुंगत बसे, बाबा त्या दिवसरात्र उघड्या असणाऱ्या अजस्र दुकानात हरवत, आणि मग आई त्यांना शोधायला मला पाठवी, म्हणजे दोघं हरवत.

आईला एक शास्त्र येत होतं. नवा मराठी माणूस भेटला की ती आडनाव ऐके, डोळे किंचित बारीक करी आणि अत्यंत गोड आवाजात विचारी, “मूळ गाव कोणतं हो तुमचं?” जात विचारायची नाही, ते असंस्कृतपणाचं. गाव विचारायचं, मासे खाता का विचारायचं, कुलदैवताकडे बोलणं वळवायचं, आणि घरी आल्यावर चपला काढता काढता बाबांना निकाल सांगायचा. परदेशात ही कला आणखी धारदार होते. सिंगापुरात आपल्याला चिनी, मलाय, तमिळ असे ढोबळ लोकच दिसतात. बारकाईनं ओळखण्याची हौस भागवायला मराठी माणूसच लागतो.

आमच्या दोन मजले वर किहीमकर राहायला आले, तेव्हा आईला मिनिटभरही लागलं नाही. किहीमकर काका बाबांच्याच यार्डात. पूर्वी बोटीवर चीफ इंजिनिअर होते. काकू मुंबईतल्या शाळेत वर्षानुवर्षं मराठी शिकवून आलेल्या. “किहीम म्हणजे अलिबाग,” आई म्हणाली. “अलिबागचे, गोरे, मासे खातात, बोलणं शुद्ध. आपल्यातलेच. लिहून घ्या.” बाबांनी लिहून घेतलं नाही, पण मी मनात घेतलं.

त्यानंतर जे जे पुरावे विरुद्ध आले, ते ते आईनं मोठ्या मायेनं पोटात घातले. पहिल्याच आठवड्यात ती कोळंबीचं कालवण घेऊन वर गेली आणि भरलेलं पातेलं घेऊन खाली आली. काकू म्हणाल्या होत्या, “आम्ही कोळंबी खात नाही हो.” सीकेपी आणि कोळंबी खात नाही! आई घटकाभर पातेल्याकडे बघत बसली. मग म्हणाली, “अंगावर पित्त उठत असेल बिचारीच्या.” शनिवारी काकू गॅस पेटवत नसत. आईचा निष्कर्ष: शनीचा उपास. “उपासाला कोंबडीचा रस्सा खाताना बघितलं मी त्यांना,” बाबा म्हणाले. “थंड होता ना?” आईनं विचारलं. थंड होता. विषय संपला.

ऐन गणपतीच्या आसपास त्यांच्याकडे गव्हाच्या चिकाचा हलवा व्हायचा, नारळाच्या दुधातला, गुलाबी, थरथरणारा. त्याची वडी करून काकू माझ्या हातावर ठेवत आणि म्हणत, “घे, नवं वर्ष लागलं आमचं.” भाद्रपदात नवं वर्ष! मी वडी तोंडात टाकली आणि पुढची मागितली. कधी मलिदा व्हायचा: पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं आणि खजूर रचलेलं मोठं ताट. काका टोपी घालून काहीतरी गायचे. ती भाषा मला एका अक्षरानं कळायची नाही, म्हणून मी ती संस्कृत समजलो. परवा ही गोष्ट मी माझ्या मुलीला सांगत होतो. ती इथल्याच शाळेत वाढलेली. तिनं भुवया उंचावल्या आणि सिंगापुरी इंग्रजीत विचारलं, “पापा, फोर इयर्स, अँड यू नेव्हर आस्क मेह?” नाही गं. आम्ही मूळ गाव विचारलं होतं ना.

आणि ती बेल. किहीमकरांच्या दाराच्या चौकटीवर उजव्या हाताला, माझ्या खांद्याच्या उंचीला, बोटभर लांब पितळी डबी ठोकलेली होती. मी ती बेल समजून दाबायचो. वाजायची नाही. मग मी दार ठोकायचो. पुढच्या वेळी पुन्हा दाबायचो, कारण मधल्या काळात त्यांनी दुरुस्त केली असेल, असा माझा माणुसकीवर विश्वास होता.

वर जाण्याचं कारण म्हणजे माझं मराठी. ते भयंकर होतं. ‘ळ’ मला यायचा नाही, क्रियापदं कर्त्याशी फटकून वागायची, आणि एकदा पुण्याहून आलेल्या आत्याला मी पाहुणचार म्हणून “तू आता जा, बस” असं म्हणालो होतो. बाबांना त्याची लाज वाटे. म्हणून दर बुधवारी शाळा सुटल्यावर काकूंकडे शिकवणी. काकू मारत नसत. त्या नुसत्या “गाढवा” म्हणत, आणि त्या एका शब्दात इतके स्वर होते की रागाचं, कौतुकाचं, निराशेचं गाढव वेगवेगळं ओळखू येई. माझी रामरक्षासुद्धा त्यांनीच घटवून घेतली. आईनं पुस्तक देऊन पाठवलं होतं. काकूंनी ते क्षणभर हातात तोललं आणि म्हणाल्या, “चल, उच्चाराला कुठला आलाय धर्म.” हे वाक्यही माझ्या डोक्यावरून गेलं.

काकूंना त्या वर्षी एक गोष्ट मनापासून हवी होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या डिपेंडंट पासवर आलेली बाई. नवरा सकाळी यार्डात जायचा आणि आयुष्यभर चाळीस पोरांचा गोंगाट ऐकलेल्या या बाईला घड्याळाची टिकटिक ऐकत बसावं लागे. आमचं मराठी मंडळ मुलांसाठी रविवारचा मराठी वर्ग सुरू करणार होतं. शिकवायला कोण, हे अध्यक्ष गणपतीच्या कार्यक्रमात जाहीर करणार होते आणि काकूंचं नाव जवळजवळ नक्की होतं. त्यांनी मुंबईहून बाराखडीचे तक्ते मागवून ठेवले होते. मी गेलो की त्या ते मला दाखवत, जशी एखादी मुलगी लग्नाच्या साड्या दाखवेल. फक्त ‘जवळजवळ’ म्हणताना त्यांचा आवाज जरा खाली येई. मला वाटायचं, बाई विनयी आहेत.

त्याच कार्यक्रमात वक्तृत्व स्पर्धा होती. विषय: शिस्त. आता हा विषय सिंगापूरच्या मराठी माणसाला देणं म्हणजे मांजराला दुधावर बोलायला सांगणं. आमच्याकडे शनिवारी बाबांचे मित्र जमत. सुट्टीत घरी जाऊन आलेला प्रत्येक जण दुसऱ्या पेगाला पुण्याच्या रहदारीची कहाणी सांगे आणि तिसऱ्या पेगाला म्हणे, “आपल्या लोकांना असा एक तो मिशीवाला पाहिजे. चाबूक घेऊन.” सगळे माना डोलवत. कुणाच्याही मनात कुणाबद्दल द्वेष नसे. नुसती चकली असे. मिशीवाल्याचं आत्मचरित्रही आमच्या कपाटात होतं, बाबांनी स्टेशनवर पाककृतींच्या पुस्तकाबरोबर घेतलेलं. पाककृतींचं फाटेपर्यंत वापरलं गेलं. दुसऱ्याचं मी मागचं कव्हर वाचलं आणि तेवढ्या अभ्यासावर भाषण लिहिलं. त्यात कणखर नेतृत्व होतं, रस्ते होते, आणि “ज्याच्या राज्यात रेल्वेगाड्या सेकंदाच्या काट्यावर सुटत” असं एक वाक्य होतं, ज्यावर मी स्वतःच खूष होतो.

बुधवारी ते काकूंपुढे ठेवलं. त्यांनी लाल पेन उघडलं, पहिलं पान वाचलं, आणि पेनाला टोपण लावलं. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती त्यांनी मोजली नाही. मग त्यांनी जे विचारलं त्याचा भाषणाशी काही संबंध नव्हता.

“बाहेर चौकटीवर ती डबी आहे, ती कसली आहे रे?”

“बेल,” मी म्हणालो. “बिघडलीय काकू. मी कधीपासून सांगणार होतो.”

काकूंचे खांदे हलू लागले. मला आधी वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या, किंवा दोन्ही. पदरानं डोळे पुसून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

“‘कणखर’ दोनदा आलंय,” त्या म्हणाल्या. “आणि ह्या गाड्या. वेळेवर सुटायच्या म्हणतोस. जायच्या कुठे? आत कोण बसलेलं असायचं?”

“प्रवासी.”

“लायब्ररीत जा. कोण प्रवासी ते वाचून ये. तोवर मी शिकवणार नाही.”

लायब्ररीत एअरकंडिशन होतं, म्हणून मी गेलो. ज्यूंना भरून गाड्या कुठे जायच्या ते तासाभरात कळलं. त्या संध्याकाळी मी खालच्या कॉफीशॉपमध्ये नूडल्स मागवले आणि तसेच ठेवून उठलो. माझ्या आयुष्यात तोवर तसं कधी झालं नव्हतं. पण सोळा वर्षांचं डोकं फार वेळ सुन्न राहत नाही. पुढच्या बुधवारी मी काकूंकडे उत्तर घेऊन हजर. “काकू, तो वेडा होता. एकटा वेडा माणूस, आणि सगळा देश फसला.”

“एकटा?” काकू म्हणाल्या. “गाडी एकट्यानं चालवली? यादी एकट्यानं केली? शेजाऱ्यांची नावं कुणी सांगितली? परत जा.”

परत गेलो. या खेपेला मागे मागे वाचत गेलो आणि माझी चांगलीच पंचाईत झाली, कारण मिशी कुठे सुरू होते तेच सापडेना. मिशीवाल्याच्या शेकडो वर्षं आधी धर्मसुधारणा करणारा एक थोर पाद्री ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळा म्हणून लिहून गेला होता. मग प्रोफेसर मंडळी आली. त्यांना धर्मावरून भांडणं मागासलेपणाचं वाटलं, म्हणून त्यांनी त्याच द्वेषाला वंशाचं, शास्त्राचं झबलं शिवलं आणि एक भारदस्त नावही दिलं, म्हणजे तो दिवाणखान्यात आणता येईल. कादंबऱ्यांत कपटी व्यापारी लागला की तो ज्यू. वाचक चहा पिता पिता पान उलटत. निवडणुकीत तर त्या एकाच मुद्द्यावर उभे राहणारे पक्ष होते आणि त्यांना मतं पडत होती. समुद्रकाठची काही हॉटेलं ‘आमच्याकडे ज्यू उतरत नाहीत’ हे जाहिरातीत लिहीत, जसं आपण ‘शुद्ध शाकाहारी’ लिहितो. पोरांसाठी चित्रांची पुस्तकं होती. आणि शेवटी सरकारनं हुकूम काढला की ज्यूंनी आपल्या नावात सरकारनं ठरवलेलं एक नाव घालायचं, बाईनं एक, पुरुषानं एक. कारण नुसत्या आडनावावरून नेमकं ओळखता येत नव्हतं. हे वाचताना मला का कोण जाणे आई आठवली, चपला काढता काढता निकाल सांगणारी. मी ते पान पटकन उलटलं.

“पीक त्यानं कापलं,” मी काकूंना सांगितलं, “पण नांगरत सगळेच होते. आणि बरेचसे सभ्य होते.”

काकूंनी माझ्यापुढे हलव्याची बशी ठेवली. “आता लिही,” म्हणाल्या.

नवं भाषण आम्ही दोघांनी मिळून घासलं. ‘ळ’ ठिकाणावर आला. विषय शिस्तच, पण कसली शिस्त आणि कुणासाठी, असा. काकूंनी एकाही ठिकाणी स्वतःबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि अर्थात मीही विचारलं नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी आज शहाणा माणूस म्हणून ओळखला गेलो असतो. पण कार्यक्रमाला जाताना एमआरटीच्या गाडीत मला वाटलं, शेवट जरा पडतोय. टाळीचं वाक्य हवं. आणि ते मला सुचलं.

हॉलमध्ये सगळं मंडळ होतं. उकडीचे मोदक वाफेतून निघत होते, साउंड सिस्टिम शिट्ट्या मारत होती. काकू पहिल्या रांगेत, लिटिल इंडियातल्या सेरंगून रोडवरचा गजरा माळून, मांडीवर तक्त्यांची गुंडाळी. नाव जाहीर झालं की लगेच दाखवायला. मी बोललो. चांगलं बोललो, मिशीवाल्याच्या गाड्या कुठे जात हे सांगितलं तेव्हा शनिवारची पेगमंडळी आपापल्या बुटांकडे बघत होती. आणि मग मी हात उंचावून शेवट केला:

“आपल्या महाराष्ट्रात ज्यू नव्हतेच, म्हणून आपले हात स्वच्छ राहिले!”

टाळ्यांचा कडकडाट. स्वच्छ हात कुणाला नको असतात? पेगमंडळी तर उभी राहिली. मी काकूंकडे पाहिलं. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. मांडीवरची गुंडाळी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या, आणि शेजारी किहीमकर काका अगदी हलक्या आवाजात म्हणत होते, “जाऊ दे. वर्गाचं जाहीर होऊ दे आधी.” अध्यक्ष हातात माइक घेऊन वर्गाचीच घोषणा करायला उठत होते. काकू नुसत्या गप्प राहिल्या असत्या तरी वर्ग त्यांचा झाला असता.

काकू उठल्या. “एक दुरुस्ती आहे,” त्या म्हणाल्या. माइक नव्हता, पण चाळीस पोरांवर घटवलेला आवाज. “मुलानं अभ्यास केलाय. शेवटचं वाक्य चूक. महाराष्ट्रात ज्यू आहेत. अलिबागच्या किनाऱ्याला आमची बोट फुटली, तिथेच राहिलो, असं आमचे म्हातारे सांगतात. तेलाचे घाणे चालवायचो. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव शनवार तेली म्हणायचं. तिथे आम्हाला कुणी जाळलं नाही, हे खरं आहे, आणि ते मी जगात कुठेही सांगेन. पण नव्हतोच असं म्हणू नका. मी इथे बसलेय.” आणि त्या बसल्या.

हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की मोदकपात्राचं झाकण थडथडताना ऐकू आलं. त्या शांततेत माझ्या आईचा आवाज, स्वतःशीच, पण बाबांबरोबर इतकी वर्षं राहून चढलेल्या पट्टीत:

“म्हणून कोळंबी नाही!”

काकूच आधी हसल्या. मग सगळा हॉल. पण हसू ओसरल्यावर अध्यक्षांनी माइक या हातातून त्या हातात घेतला. भला माणूस होता हो, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हता. “काकूंबद्दल आदरच आहे,” ते म्हणाले. “फक्त कसं, वर्गाची सुरुवात आपण स्तोत्रानं करणार, देवळाचा हॉल आहे, त्यांनाच अडचण वाटेल. समिती विचार करेल.” मला लायब्ररीतली पुस्तकं आठवली. त्यांच्याही पहिल्या प्रकरणांत द्वेष फारसा नव्हता. बऱ्याचशा अडचणीच होत्या.

मी स्टेजवर, हात अजून अर्धा वर. बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून एक ‘ळ’सुद्धा फुटला नाही. उठली ती आई.

“अडचण कसली?” ती म्हणाली. “माझ्या पोराची रामरक्षा कुणी पाठ करून घेतली? तुमची मुलं आरतीत नुसते ओठ हलवतात, मघाशीच बघितलं मी. देवळाचा हॉल नको तर नको. माझा हॉल आहे आंग मो किओला. रविवारी दहा वाजता. ज्यांना पोरांनी मराठी बोलावं असं वाटतं त्यांनी पाठवा, ज्यांना गाव विचारायचंय त्यांनी मला फोन करा.” गाव विचारण्याच्या बाबतीत मुंबई-पुण्यापासून सिंगापूरपर्यंत जिचा हात कुणी धरला नसता, तिनं हे म्हणावं! बाबा तिच्याकडे असे बघत होते जसं एखादं बंद पडलेलं इंजिन आपणहून सुरू व्हावं.

पहिल्या रविवारी आमच्या हॉलमध्ये तीन मुलं आली, त्यातलं एक रडत होतं. तक्ते लागले. आईनं सर्वांना पोहे केले, आणि ज्यू धर्मात कवचाचे मासे वर्ज्य, म्हणून त्या दिवसापासून रविवारी आमच्या घरात कोळंबी बंद झाली, जे आमच्याकडे सुतकातही होत नसे. वर्ग वाढला, पुढे खालच्या कम्युनिटी सेंटरमध्ये गेला. अध्यक्षांचा नातू कधी आला नाही. समिती, माझ्या माहितीप्रमाणे, अजून विचार करते आहे.

वर्गाच्या दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी मी काकूंना विचारलं होतं, पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? त्या तक्ता गुंडाळत होत्या. “सांगितलं असतं तर माझं मन राखायला भाषण बदललं असतंस. माझ्यापुरता शहाणा झाला असतास.” मग जरा थांबून, “आणि वर्ग हवा होता मला. हेही होतंच.”

काकू आता पासिर रिसला लेकीकडे असतात. काका गेले. काकूंना वाचायला दिसत नाही, म्हणून हे प्रकरण मी मागच्या आठवड्यात त्यांना वाचून दाखवायला गेलो. दारात पोचलो. चौकटीवर तीच पितळी डबी, सगळ्या घरांतून त्यांच्याबरोबर फिरलेली. आता मला माहीत आहे की तिच्यात त्यांच्या धर्मग्रंथातला मजकूर लिहिलेली गुंडाळी असते आणि आत शिरताना माणसं तिला श्रद्धेनं बोट लावतात. मीही लावलं. आत जाऊन सगळं वाचलं. काकू डोळे मिटून ऐकत होत्या. मला वाटलं भारावल्या. शेवटी मी जरा जड आवाजात म्हणालो, “काकू, तुम्ही मला इतिहास शिकवलात.”

“कसला इतिहास,” त्या डोळे न उघडता म्हणाल्या. “चार वर्षं तू त्या डबीला बोट लावून आत यायचास. हे म्हणायचे, बघ, पोरगा किती मान ठेवतो आपल्या धर्माचा. मी तेव्हाच सांगितलं होतं ह्यांना, मान कसला, ठोंब्या आहे तो.”